लासरूला तारीख मिळत नाही, मंत्रीमहोदय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नेत्रविभागाच्या नव्या इमारतीची फीत कापताना आपण शब्द दिला होता, की डोळ्याच्या कुठल्याही ऑपरेशनसाठी आता कुणाला बाहेर जावे लागणार नाही. परवा त्याच इमारतीत माझे लासरूचे ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलले. सिलिकॉनची नळी संपली म्हणे. मागच्या खेपेला भूलतज्ज्ञ रजेवर होते, त्याआधी हाड कापायचा पंच दुरुस्तीला गेला होता. इमारत तेवढी जागेवर आहे. अभिनंदन.

डोळ्यातले पाणी आतल्या कोपऱ्याशी असलेल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत जाते आणि तिथून नळीने नाकात उतरते. ती नळी बुजली की पाणी गालावर येते आणि पिशवीत पू साठतो. हेच लासरू. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, कोमट पाण्याचा बोळा धरल्याशिवाय सुटत नाहीत. नाकाशेजारी बोटाने दाबले की पू वर डोळ्यात येतो. मध्यंतरी कोपरा इतका सुजला की चिरा देऊन पू काढावा लागला. चारचौघांत बसले की ‘रडताय का?’ हे ठरलेले. थेंब लिहून देतात, पण थेंबांनी बुजलेली नळी उघडत नाही हे लिहून देणाऱ्यालाही ठाऊक असते.

उपाय काही नवा नाही. पिशवीतून थेट नाकात वाट काढण्याची शस्त्रक्रिया इटलीच्या अद्देओ तोती यांनी १९०४ साली मांडली. डीसीआर म्हणतात तिला. दहातले नऊ बरे होतात. दुर्बिणीने नाकातून केली तर चेहऱ्यावर टाकासुद्धा नाही. एवढ्या वर्षांत ही वाट नाकापर्यंत पोहोचली, आपल्या खात्यापर्यंत नाही. परवा एकांनी सुचवले, पिशवीच काढून टाकू. म्हणजे पू थांबेल आणि पाणी जन्मभर गळेल!

त्यात मला मोतीबिंदूही आहे. पिशवीत पू असताना तो काढला तर जंतू डोळ्याच्या आत जाऊन नजरच जाऊ शकते, म्हणून मोतीबिंदूवाले म्हणतात आधी लासरू. बरोबरच आहे त्यांचे. लासरूवाले म्हणतात तारीख नाही, आणि कागदावर शेरा मारतात: ‘तातडीचे नाही.’ मोतीबिंदूला उद्दिष्ट असते, शिबिर असते, काळे चष्मे लावून बसवलेल्यांच्या रांगेसोबत आपला फोटो असतो. डीसीआरने कुणाचा तक्ता भरतो?

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, त्यातही चाळिशीनंतर. ओपीडीबाहेरच्या बाकावर बघा, पाचात चार तरी बायकाच निघतील. बायकांच्या डोळ्यातल्या पाण्याला तसेही कोण आजार म्हणते!

‘घाई असेल तर बाहेर करून घ्या,’ असे खिडकीवरूनच सांगतात. बाहेर नळी कधी संपत नाही, पंच कधी मोडत नाही, भूलतज्ज्ञ संध्याकाळीसुद्धा हजर. डॉक्टर तेच! मग सरकारी दवाखाना नेमका कशासाठी चालवता? बाहेरचा पत्ता सांगायला?

नळ्या मागवा, तारीख लेखी द्या, आणि तक्रार कक्षाने पाठवलेला ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ हा संदेश मागे घ्या. तो वाचतानाही मला डोळा पुसावा लागला, आणि भावना वगैरे दाटून आल्या नव्हत्या.

आपली,
प्रतीक्षा यादीतील एक रुग्ण