तुझ्या त्या दोन पोरांबद्दल

प्रिय मित्रा,

वैरी टोळ्यांच्या घरातल्या, एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या दोन मुलग्यांची तुझी गोष्ट एका बैठकीत वाचून काढली आणि तेव्हापासून ती दोन पोरं डोक्यातून जातच नाहीयेत, म्हणून हे पत्र, फोनवर मला एवढं सगळं बोलता आलं नसतं.

हॉस्पिटलचा सीन काय लिहिलायस रे! दोघांचेही काका एकाच गोळीबारात जखमी, दोन्ही घरची माणसं कॉरिडॉरच्या दोन टोकांना, आणि स्वतःचा फोन चार टक्क्यांवर असताना धाकटा चार्जर काढून समोरच्याला देतो. घरून फोन आला आणि उचलला नाही तर काय होईल हे त्याला पक्कं माहितीये, तरी देतो. मी तिथे थांबून परत वाचलं.

पण दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. वैरी घराण्यातलं प्रेम मुलगा-मुलीचं असलं की एक वाट तरी उघडी असते, लग्न. इटलीत कालाब्रियाची न्द्रांगेटा ही माफिया संघटना बघ, ती उभीच आहे रक्ताच्या नात्यावर, तिथली घराणी लग्नं लावून तह करतात, युत्या पक्क्या करतात. म्हणजे अशा प्रेमाचा बापांना कधीतरी फायदा तरी होऊ शकतो. तुझ्या पोरांच्या प्रेमाचा दोन्ही घरांना काडीचा उपयोग नाही, उलट अब्रू जाणार, आणि या धंद्यात लोक घाबरतात म्हणून तर सगळं चालतं.

न्यू जर्सीच्या डीकॅव्हलकान्ते टोळीचा काळजीवाहू बॉस जॉन डिअमाटो, त्याचे पुरुषांशीही संबंध आहेत असं कानावर आलं आणि १९९२ मध्ये त्याला त्याच्याच माणसांनी संपवला. मारणाऱ्याने २००३ मध्ये कोर्टात सांगितलं की असा बॉस असेल तर आम्हाला मान कोण देणार. अरे, बॉसची ही गत, तर सतरा वर्षाच्या पोराचं काय! म्हणून तुझ्या गोष्टीत गोळी समोरच्या टोळीकडून येते ते मला पटत नाही. भीती स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसलेली हवी, बाप प्रेमाने पाठीवर हात ठेवतो आणि पोराच्या अंगावर काटा येतो, असं काहीतरी.

आणि प्लीज, त्यांना शेवटी मारू नकोस. अशा गोष्टीत अशी पोरं मरतातच हे आपण लहानपणापासून इतकं बघितलंय की मला आता ते सहन होत नाही. बाहेर पडायची वाट खरी आहे. त्याच कालाब्रियातल्या रेज्जो कालाब्रिया शहराच्या बालन्यायालयात रोबेर्तो दी बेल्ला नावाच्या जजने २०१२ पासून माफिया घरातल्या पोरांना घरापासून लांब ठेवायचे आदेश द्यायला सुरुवात केली, आणि पुढे काही आया स्वतःच येऊन म्हणायला लागल्या की माझ्या पोराला इथून न्या. नवऱ्याच्या, दिराच्या, सगळ्या कुळाच्या विरोधात जाऊन! तुझ्याकडे धाकट्याची आई आहेच, आत्ता ती फक्त दार उघडते आणि बंद करते. तिला एक अख्खा चॅप्टर दे ना.

फुकटात सुटका नको, तेही कळतंय मला. धाकटा एकटाच बाहेर पडेल, लांब कुठेतरी, जुना नंबर बंद, आणि मोठा अजून त्या घरातच, मग ते दोघं एकमेकांना शोधणार कसे, तिथून पुढची गोष्ट मला वाचायचीये. लिहिलंस की लगेच पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

तुझाच