काळ्या ट्रंकेतला बिल्ला

स्प्रिंगफील्ड, व्हर्जिनिया
१६ फेब्रुवारी

ती. दादा व सौ. वहिनी यांस साष्टांग नमस्कार,

विनंती विशेष. साठी उलटल्यावर परक्या मुलखात मोटारसायकलवर हिंडण्याची ही कोणती हौस, आणि त्या कातडी जाकिटे घातलेल्या दाढीवाल्या माणसांत माझे काय काम, असे आपण मागच्या रविवारी विचारलेत. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

लेकीच्या घरी मला कशाचीही उणीव नाही आणि जावई मुलाप्रमाणे वागतात. पण लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या दलात, २४ वर्षे काढलेल्या माणसाला जे बोलावेसे वाटते, ते ऐकणारे येथे कोणी नव्हते. 'डी.आर.' म्हणजे डाक पोचवणारा मोटारसायकलस्वार, इथपासून सांगावे लागे आणि सांगता सांगता बोलण्यातला जीव निघून जाई. दोन वर्षांपूर्वी एका पेट्रोलपंपावर व्हिएतनामच्या लढाईत राहिलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी त्यांच्या गाडीची साखळी न्याहाळत होतो, त्यावरूनच त्यांनी मला ओळखले. त्यांनी कोणते युनिट, कोठे होतास, एवढेच विचारले आणि नंतर थंडीत गाडी कशी सुरू करायचास, हे विचारले. द्रासला आम्ही रात्री इंजिनावर घोंगडी टाकत असू आणि पहाटे किका मारून मारून पाय भरून येत, हे मी सांगितले. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली. दादा, त्या मान हलवण्याने मला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

त्यांनीच मला पेट्रियट गार्ड रायडर्स या मंडळींत नेले. २००५ मध्ये कॅन्ससमध्ये याची सुरुवात झाली. तेव्हा एका पंथाचे लोक शहीद जवानांच्या अंत्ययात्रेसमोर फलक घेऊन घोषणा देत. त्या घोषणा आईबापांच्या कानी पडू नयेत म्हणून हे स्वार, कुटुंबाने बोलावले तरच, हातात ध्वज घेऊन मध्ये उभे राहू लागले. येथे सामील होण्यासाठी अमेरिकेच्या सैन्यात असण्याची अट नाही आणि स्वतःची मोटारसायकलही लागत नाही. मृत जवानाविषयी आदर असला की पुरे.

मी येथील परवाना काढला आणि एक जुनी गाडी घेतली. आपल्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे, येथे सगळे उलटे आहे. पहिले कित्येक दिवस थांबायची वेळ आली की माझा डावा पाय ब्रेक शोधत गिअरवर पडायचा. रस्त्यावरची शिस्त मात्र शिकावी लागली नाही. पुढे वाट दाखवणारा एक, सर्वांत मागे हत्यारांची पिशवी घेतलेला एक, मधले एकाआड एक डावीउजवीकडे, आणि खड्डा दिसला की हाताची खूण शेवटच्या गाडीपर्यंत पोचवायची. लेहच्या रस्त्यावरचा आपला कॉन्व्हॉय असाच चालत असे.

गेल्या मे महिन्यात वॉशिंग्टनला गेलो. १९८८ पासून मेमोरियल डेच्या रविवारी, युद्धकैद्यांचा आणि बेपत्ता जवानांचा शोध घेतला जावा या मागणीसाठी, हजारो मोटारसायकली तेथे येत आल्या आहेत. व्हिएतनामहून न परतलेल्या १,५०० हून अधिक जणांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही. त्या युद्धाच्या स्मारकाची काळी भिंत १९८२ मध्ये उभी राहिली. तिच्यावर ५८,००० हून अधिक नावे आहेत, ती हुद्द्याप्रमाणे नव्हेत, तर ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने. पेट्रोलपंपावर भेटलेल्या त्या गृहस्थांनी एका नावावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. अक्षरे हळूहळू कागदावर उमटली. त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. तो काळा दगड बंगळूरकडचा आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आपल्या शेजारच्या मातीतला दगड इतक्या लांब या लोकांची नावे धरून उभा आहे. मला आपल्या साताऱ्याकडच्या अपशिंगे गावातल्या, जवानांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभाची आठवण झाली.

ही मंडळी एकमेकांना 'वेलकम होम' म्हणतात. व्हिएतनामहून आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना कोणी तसे म्हटले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मलाही तेच म्हटले. मी दुसऱ्या देशाचा शिपाई आहे, असे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात दाबून मला थांबवले.

गेल्या महिन्यातली गोष्ट मात्र मुद्दाम लिहायची आहे. क्वांटिकोच्या राष्ट्रीय दफनभूमीत एका वृद्ध सैनिकाचा दफनविधी होता आणि त्यांना नात्याचे असे कोणीच उरले नव्हते. आपल्या गावात कोणी गेले तर भांडणे विसरून भावकी खांदा द्यायला येते. येथे त्यांना कधीही न पाहिलेले आम्ही चाळीसेक जण ध्वज घेऊन दोन रांगांत उभे होतो. वारा इतका बोचरा होता की ध्वजाची काठी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. बिगूल वाजला. आपल्या 'लास्ट पोस्ट'पेक्षा ही धून लहान आहे, अवघ्या २४ स्वरांची, पण पाठ आपोआप ताठ झाली. मग दोन जवानांनी शवपेटीवरचा ध्वज १३ घड्या घालून त्रिकोणी केला. तो घ्यायला पुढे येईल असे कोणी नव्हते, तेव्हा आमच्यातील सर्वांत वयस्कर स्वार गुडघ्यांत वाकून पुढे झाले आणि घरच्या माणसाने घ्यावा तसा त्यांनी तो छातीशी धरला. परतीच्या वाटेवर हेल्मेटची काच आतून ओली झाली होती.

आता एक काम. माझ्या काळ्या ट्रंकेत तळाशी, पासबुकांच्या खाली, एका रुमालात सिग्नल्सचा कापडी बिल्ला ठेवलेला आहे, 'तीव्र चौकस' लिहिलेला. चि. राहुल जूनमध्ये इकडे येणार आहे, त्याच्यासोबत तो पाठवावा. स्वारांच्या जाकिटावर प्रत्येकाच्या पलटणीचे बिल्ले शिवलेले असतात. माझ्या जाकिटावर उजव्या छातीवरची जागा त्यांनी मला मोकळी ठेवायला सांगितली आहे. ट्रंकेची किल्ली देवघरातल्या फडताळात आहे.

वहिनींच्या गुडघ्याची काळजी घ्यावी. मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ,
बाळू