दुसऱ्या मजल्यापर्यंत मुलांना न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रायगड जिल्ह्यातल्या शाळेत मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांना मुले बसवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढलेले), संकल्पचित्र (नक्षीची रचना), अक्षरलेखन सगळे घोटून घेतले. पण मोठ्या चित्रकाराचे मूळ चित्र समोर उभे राहून पाहिलेले मूल मला वर्गात क्वचितच भेटले. छापील चित्र नाहीतर मोबाइल, एवढीच त्यांची ओळख.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी मात्र २२ मुलांना मांडव्याहून लाँचने गेट वेला नेले. तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या इमारतीच्या पूर्व भागात दुसऱ्या मजल्यावर जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह २०११ पासून सर्वांना पाहता येतो. (शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी वेगळी. नावामुळे अनेकांची गल्लत होते.)

निकल्सन कापसाचे व्यापारी. १९६८ पासून ते चित्रे घेऊ लागले आणि सुमारे ८०० कलाकृती जमवल्या. हुसेन, रझा, आरा, गायतोंडे, बरवे, लक्ष्मण श्रेष्ठ अशा आधुनिक चित्रकारांच्या. मुंबईत या चित्रांसाठी स्वतंत्र संग्रहालय व्हावे ही त्यांची इच्छा होती. २००१ मध्ये ते गेले तेव्हा ती अपुरीच होती. पुढे त्यांच्या विश्वस्तांनी आणि वस्तुसंग्रहालयाने मिळून हे दालन उभे केले. एवढा संग्रह बंद कपाटांत राहिला असता किंवा लिलावात विखुरला असता, तरी कोणी विचारायला गेले नसते. तो आपल्यासाठी उघडा आहे, याचे मोल मला फार वाटते.

त्या दिवशी सातवीतली एक मुलगी गायतोंड्यांच्या चित्रासमोरून हलेना. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "बाई, हे स्मरणचित्र की संकल्पचित्र?" मला उत्तर देता आले नाही. मी तिला फक्त जवळ जाऊन पाहायला सांगितले. रोलरने आणि सुरीने लावलेला रंग, त्याखालून डोकावणारा दुसरा रंग, त्याखाली आणखी एक. छापील चित्रात यातले काहीही उतरत नाही, तिथे नुसता एक डाग दिसतो. आणि प्रभाकर बरवे तर आमच्या अलिबागजवळच्या नागावचे, हे ऐकून मुले चकितच झाली. आपल्या शेजारच्या गावातला माणूस चित्रकार होऊ शकतो, ही गोष्ट वर्गात सांगणे वेगळे आणि तिथे सांगणे वेगळे.

दुःख याचे वाटते की शाळेची सहल म्हटली की आता वॉटरपार्क. ज्या शाळा वस्तुसंग्रहालयात येतात त्याही खालच्या मूर्ती आणि भुसा भरलेले प्राणी दाखवून बसकडे वळतात. वर जाऊन चित्रे पाहायला अर्धा तास लागतो, तो द्यायला कोणी तयार नसते. मुलांना आधुनिक चित्र कळणार नाही, असे आपण मोठ्यांनीच ठरवून टाकले आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. 'यात काय आहे' म्हणून अडून बसतात ते बरोबर आलेले पालक.

माझी कला संचालनालयाला आणि शिक्षण विभागाला विनंती आहे की ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाने परीक्षेआधी निदान एकदा मूळ चित्रे पाहावीत, अशी सोय करावी. मुंबई, ठाणे, रायगडच्या शाळांना हे सहज जमेल. लांबच्या जिल्ह्यांसाठी तिथल्या संग्राहकांना साद घालावी. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू १९७५ मध्ये शासनाच्या हाती दिल्या. आज ज्यांच्या घरात चांगली चित्रे आहेत, त्यांनी वर्षातून आठ दिवस तरी ती जवळच्या शाळेतल्या मुलांना दाखवावीत.

अलिबाग परिसरातल्या कोणत्याही शाळेला मुले घेऊन जायचे असेल, तर बरोबर यायला मी स्वखर्चाने तयार आहे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, अलिबाग