शब्द टाकण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर विषय अर्धवट राहिला म्हणून लिहितेय. काकूंच्या भाच्यासाठी मी इस्रोत शब्द टाकावा, असं तुमचं म्हणणं. पण टाकला तरी तो पडणार कुठे? त्याचं आयटीआय झालंय, म्हणजे तो 'टेक्निशियन बी'साठी अर्ज करणार. तिथे मुलाखतच नसते. लेखी परीक्षेच्या गुणांवर यादी लागते, नंतरची कौशल्य चाचणी नुसती पास-नापास. इंजिनिअरांना निदान मुलाखत तरी असते. तिथेही आधी बी.ई.ला 65 टक्के हवेत, मग लेखी परीक्षा.

"टेक्निशियनच ना शेवटी," हा तुमचा सूर मात्र मला खटकला. 12 ऑगस्ट 2021 ला जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट अपयशी ठरलं, आठवतं? पहिले दोन टप्पे व्यवस्थित झाले आणि वरचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारं इंजिन पेटलंच नाही. चौकशी समिती शेवटी एका व्हॉल्व्हच्या गळतीपाशी पोचली. द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाबच राहिला नव्हता. आता सांगा, व्हॉल्व्ह जोडणारा, सील तपासणारा माणूस दुय्यम कसा?

आणि मी रॉकेट सोडते असं शेजाऱ्यांना सांगणं आता बंद करा! बहुतेक दिवस मी कागद वाचते. कुठल्या भागाची कोणती चाचणी झाली, आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो कोणी आणि का मान्य केला, सगळं लेखी. उड्डाणाआधी मिशन रेडिनेस रिव्ह्यू, म्हणजे तयारीचा आढावा होतो, मग लाँच ऑथरायझेशन बोर्ड बसतं. त्यांचा होकार नसेल तर रॉकेट तिथेच उभं. शिवाय पैशांचा हिशेब कॅग तपासतं ते वेगळंच.

आई, तुला गंमत सांगते. चांद्रयान-3 चं उड्डाण 4 सेकंद पुढे ढकललं होतं. वर आधीच फिरणाऱ्या एका वस्तूशी टक्कर व्हायला नको म्हणून. चार सेकंदांसाठी कितीजणांनी गणितं तपासली असतील!

भाच्याला सांगा, जाहिरात इस्रोच्या संकेतस्थळावर येते, ती त्याने स्वतः वाचावी. पैसे घेऊन काम करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. काकूंशी तुम्हीच बोला बाबा, माझ्या तोंडून ते तुसडं वाटेल. परीक्षा त्याच्या ट्रेडवरच असते, तेव्हा आयटीआयची पुस्तकं कुणाला देऊन टाकली असतील तर आधी ती परत मागवू दे.

तुमची,
मनू