पुश, एसएमएस, ईमेल: आमच्या संदेशसेवेचा आराखडा तपासून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

संदेश पोचवताना आधी पुश (ॲपवर येणारी सूचना), मग एसएमएस, शेवटी ईमेल हा क्रम कोणीही सुचवतं. पुढच्या वाटेला कधी वळायचं आणि कधी थांबायचं, हे तुम्ही दाखवलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

तुमचा एक आग्रह सगळ्यांत मोलाचा: प्रयत्नाच्या अवस्था दोन नाहीत, तीन आहेत. पोचला, फसला आणि ‘माहीत नाही’. गेटवेचं (संदेश पुढे पाठवणाऱ्या सेवेचं) २०२ हे उत्तर म्हणजे संदेश फक्त स्वीकारला गेला. टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, तरी तो गेलेला असू शकतो. म्हणून ओटीपीसाठी तुमचा नियम आम्ही जसाच्या तसा घेतला: वाट बदलली तरी कोड तोच आणि मुदतही तीच. एसएमएससाठी नवा कोड बनवला, तर उशिरा आलेल्या पुशमधला जुना कोड टाकून माणूस अडकतो.

एफसीएमचं (गूगलच्या पुश-सेवेचं) २०० हे यशाचं उत्तर हीसुद्धा पोच नव्हे. पोच ॲपनेच कळवायची. ती ३० सेकंदांत आली नाही तर एसएमएस. शिवाय मुदत दिली नाही तर एफसीएम संदेश चार आठवड्यांपर्यंत धरून ठेवतं, म्हणून ओटीपीला ‘टीटीएल’ (धरून ठेवण्याची मुदत) ३०० सेकंद.

टेबलं दोनच, संदेश आणि प्रयत्न. मागणाऱ्या सेवेने दिलेल्या किल्लीवर (विनंतीच्या ओळखीवर) युनिक बंधन, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी संदेश एकच. वर्कर (संदेश पाठवणारे प्रोग्रॅम) पोस्टग्रेस या डेटाबेसमधूनच ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ने, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून, ओळी उचलतात. एवढ्याशा कामाला काफ्का (संदेशांच्या रांगांसाठीची वेगळी प्रणाली) नको, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत ते फार बरं झालं.

त्रुटींचा तक्ता तर भिंतीवर लावण्यासारखा आहे. एचटीटीपीत (वेबच्या विनंत्यांत) ४००, म्हणजे विनंतीच चुकीची, असं आलं तर तीच विनंती पुन्हा पाठवून उपयोग नाही, ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आलं तर थांबून पाठवायची. एसएमटीपीत (ईमेल पाठवण्याच्या पद्धतीत) नेमकं उलटं: ४५० तात्पुरतं, ५५० कायमचं. दोन्हींना एकच नियम लावला की बंद पडलेल्या पत्त्यावर मारा होतो आणि चालू पत्ता सुटतो. ४२९ला (फार विनंत्या झाल्या) उत्तरासोबत आलेलं ‘रिट्राय-आफ्टर’, म्हणजे किती वेळाने पुन्हा पाठवायचं ते, पाळायचं. इतर वेळी २, ४, ८ सेकंद, त्यात थोडी यादृच्छिक भर, नाहीतर सगळे वर्कर एकदमच धडकतात.

मराठी एसएमएसचा हिशेब मात्र फार थोडे जण समजावतात. इंग्रजीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७च. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात आणि ‘क्ष’ तीन जागा खातो. मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-व्यवस्थेवर) मंजूर झालेल्या साच्याशी जुळला नाही तर तो अडतोच. तिथे पुन्हा प्रयत्न नको; ईमेलकडे वळायचं आणि माणसाला इशारा द्यायचा.

आता व्हॉट्सॲपची वाट जोडतो आहोत. तिचा अवस्थातक्ता तयार झाला की तुमच्याकडे पाठवतो.

आपले कृतज्ञ,
संदेशसेवेचा चमू