धुळीचं सांभाळ

प्रिय बेटा, अनेक दुआ.

परवा फोनवर बोलताना तू खोकत होतास. "काही नाही अब्बा, धूळ आहे," म्हणून विषय बदललास. म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेला कमानदार फळीच्या आर्चटॉप गिटारीचा व्हिडिओ सगळ्या गल्लीला दाखवला. स्प्रूसच्या लाकडाची जाड फळी चिरून पुस्तकासारखी उघडायची, मधोमध सांधायची आणि आतून-बाहेरून कोरून तिला कमान द्यायची. मध्ये जाडी सहाएक मिलिमीटर, कडेला तीनच्या आसपास. बघून ऊर भरून आला. तारा मागे टेलपीसला अडकवलेल्या, त्यांच्याखालची घोडी नुसती दाबावर उभी. आपल्या सतारीतही तारा बुडाशी लंगोटाला बांधलेल्या आणि घोडी वरच्या फळीवर, तबलीवर. तुला हे परकं वाटणार नाही, हे मला ठाऊकच होतं.

पटाशीनं निघालेला भुसा खाली पडतो, त्याचं भय नाही. पॉलिशपेपरनं घासलं की भुकटी हवेत तरंगते, ती छातीत जाते. मेपलच्या लाकडाची तर फार बारीक. होईल तेवढं स्क्रेपरच्या पात्यानं कर, पेपर अगदी शेवटी. आणि नुसता रुमाल बांधून भागत नाही. माझ्या अब्बांचं, तुझ्या दादांचं, भागलं का?

पुन्हा शिकवायला लागलो, राग मानू नकोस. तू मोठा झालास, तुझे उस्तादही जाणते आहेत. पण दादांच्या मांडीवर बसून तू सतारीच्या भोपळ्यावर टिचकी मारायचास, आवाज ऐकून "हा नको" म्हणायचास, आणि दादा तो खरंच बाजूला ठेवायचे. आता तू फळीला टिचकी मारून कान लावतोस, तेव्हा मला तेच दिसतं.

तू सांगितलेला न्यूयॉर्कचा गिटार कारागीर डी'अँजेलिको. घरच्याच व्हायोलिनवाल्या वडीलधाऱ्याकडे शिकला, 1932 साली स्वतःचं दुकान काढलं, अकराशेच्या वर गिटारी केल्या, वहीत नोंदी ठेवल्या. केवढं काम! पण 1964 ला गेला तेव्हा साठीही झाली नव्हती. माझ्या डोक्यात तेवढंच अडकून बसलंय.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा लोक विचारायचे, पोरगा परत कधी? मी सांगतो, शिकतोय, शिकू दे. परत ये असं मी म्हणणार नाही. मास्क मात्र चांगल्यातला घे, पैसे मी पाठवतो. छातीचा एक्स-रे काढून अम्मीच्या नंबरवर टाक, मी दुकानात असलो तर फोन बघत नाही.

तुझे अब्बा