बिबट्या मेला तर त्याचं रक्तही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर थोड्या दिवसांनी बातमी असतेच, बिबट्या मृतावस्थेत आढळला. कधी फासकीत, कधी विहिरीत, कधी मुंबई-गोवा हायवेला गाडीने उडवलेला. पंचनामा, शवविच्छेदन, दहन, विषय संपला. पण जो नुसताच रानात खंगून पडलेला सापडतो त्याला म्हातारपण नाहीतर उपासमार असं लिहून मोकळे होतात, त्याचं रक्त कोणी बघितलं का ते कुठेच येत नाही.

गीरचं आठवा. 2018 च्या सप्टेंबरात दलखानिया रेंजमध्ये तीनेक आठवड्यांत 23 सिंह गेले. आधी सांगितलं आपसात मारामाऱ्या झाल्या, मग पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, डिस्टेंपर व्हायरस दाखवला, कुत्र्यांना होतो तोच, आणि जोडीला निघाला बबेसिया, गोचिडीतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडणारा परजीवी. आफ्रिकेत सेरेंगेटीला 1994 मध्ये हजारभर सिंह मेले, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. नंतर जुने रक्तनमुने काढून बघितले तर डिस्टेंपर आधीही येऊन गेलेला पण सिंह ठणठणीत होते. मग 94 ला वेगळं काय झालं तर दुष्काळ पडला, रानरेडे खंगले, त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या, सिंहांनी तेच रेडे खाल्ले, आणि अंगात बबेसिया भरलेला असतानाच व्हायरसने उरलीसुरली ताकद घालवली. परजीवी रानातल्या प्रत्येक जनावरात असतातच, निरोगी जनावर ते पचवतं, गोष्ट बिघडते ती अशी जोडी जमली की.

आता आपल्या कोकणात बघा. जेटीवर मासळीची घाण, बीचवर हॉटेलांचं उष्टं, त्यावर पोसलेली कुत्री, आणि रात्री तीच कुत्री बिबट्याचं जेवण. पाऊस सरला की एखाद्या वाडीतल्या कुत्र्याचा कान उलटून बघा, आत एरंडीच्या बियांसारख्या फुगलेल्या गोचिडी लगडलेल्या असतात. दोडामार्ग-बांद्याकडच्या लोकांना गोचीड काय करते ते माकडतापाने चांगलं शिकवलंय, पण ती वाघ-बिबट्यालाही चावते हे डोक्यात येत नाही. तिथल्याच तिळारीच्या जंगलात वाघ आहे, 2020 ला संवर्धन राखीव जाहीर झालं त्याचं कौतुक झालं, बाजूच्या गावातल्या कुत्र्यांना मात्र औषध नाही.

वाघाटीचं तर कोणी नावही घेत नाही. जगातली सगळ्यात छोटी रानमांजर, जेमतेम दीड किलोची. घरची मांजरं नकोशी झाली की रानाच्या कडेला सोडायची सवय आहे ना आपल्याला, त्यांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत जातो आणि ओल्या सावलीच्या मातीत वर्षभरही टिकतो. परदेशातल्या झूमध्ये पलास मांजराची, म्हणजे मध्य आशियातल्या एका रानमांजरीची, पिल्लं याच परजीवीच्या रोगाने पटापट मेलीत.

कुत्री मारा असं मी म्हणत नाहीये, कुत्रा आमच्या घरीपण आहे. रेबीजच्या लसीचं शिबिर लागतं त्यातच डिस्टेंपरची लस, जंताचं औषध आणि गोचिडीचं औषध द्या, निदान जंगलालगतच्या गावांत तरी, पशुवैद्यकीय दवाखाना आहे, ग्रामपंचायतीने थोडा खर्च उचलावा. आणि शवविच्छेदनात तपासणीसाठी रक्त लावलेली काच आणि विष्ठेचा नमुना घेणं सक्तीचं करा, त्याला काय लाखो रुपये लागत नाहीत.

तुमच्या बातमीदारानेही पुढच्या वेळी वनखात्याला एवढं विचारावं की नमुने घेतले का आणि कुठे पाठवले, आणि रिपोर्ट आला की तोही छापा, दोन ओळींत का होईना.

आपला,
एक वाचक, लांजा